मंडळीतील लहान मंडळी : श्पेनरच्या सूचनेचे फेरपरीक्षण

घरोघरी भरणारे लहान प्रार्थनागट, वचनाभ्यासाची मंडळे आणि संगती-मेळावे यांविषयी आपल्या पाळकवर्गात सामान्यतः दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, मंडळीच्या संजीवनाचा हाच एक मार्ग होय. कोणी म्हणतात, फुटीचे बीज पहिल्याने याच वाफ्यात रुजते. दोन्ही मतांना इतिहासाचा आधार मिळतो. म्हणून ज्या ग्रंथाकडे या चळवळीचे मूळ म्हणून बोट दाखविले जाते त्याचे, आणि त्यातील कल्पना पुढे ज्यांनी बाप्तिस्मावादी रूपात आपल्याच परिसरात आणली त्यांच्या अनुभवाचे परीक्षण करणे अगत्याचे आहे.

फिलिप याकोब श्पेनर या लूथरपंथी पाळकाने १६७० साली फ्रँकफुर्ट येथे आपल्या घरी वचनचिंतनासाठी मंडळ भरविण्यास आरंभ केला, आणि १६७५ साली ‘पिया देसिदेरिया’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात मंडळीच्या सुधारणेसाठी सहा सूचना आहेत. नित्याच्या प्रवचनाखेरीज विश्वासणाऱ्यांनी एकत्र जमून पवित्र शास्त्र वाचावे, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाच्या धर्तीवर एकमेकांची उन्नती करावी, ही त्यांपैकी पहिल्या सूचनेचा भाग होय. दुसरी सूचना सर्व विश्वासणाऱ्यांच्या आत्मिक याजकपणाविषयी आहे.

या ग्रंथाचे मोठे बळ त्याच्या प्रामाणिकपणात आहे. मंडळीच्या दुरवस्थेचा दोष लेखक सामान्य लोकांवर ढकलून मोकळा होत नाही. आधी राज्यकर्ते, मग धर्मसेवक आणि शेवटी लोक, या क्रमाने तो दोष दाखवितो. आपल्या उपदेशकांनी हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. परंतु त्याची उणीवही तितकीच ठळक आहे. लहान मंडळ पाळकाच्या देखरेखीखाली चालावे, एवढे सांगून लेखक थांबतो. मंडळ आणि पाळक यांत मतभेद झाल्यास काय करावे, प्रभुभोजनाच्या मेजाशी त्या मंडळाचे नाते काय, याचे समाधानकारक उत्तर त्यात नाही. परिणाम लवकरच दिसला. फ्रँकफुर्टच्या मंडळातील काहींनी अयोग्य लोकांबरोबर भोजन नको म्हणून सार्वजनिक प्रभुभोजनास येणे सोडले, आणि श्पेनरला स्वतःच या विभक्ततेविरुद्ध लेखणी उचलावी लागली.

आता बाप्तिस्मावाद्यांकडे वळू. १६०९ साली ॲम्स्टरडॅम येथे जॉन स्मिथ व त्याचे सोबती यांनी विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा घेऊन मंडळी स्थापिली, तेव्हा त्यांनी मंडळीच्या आत लहान गट काढला नाही. तो लहान गट हीच मंडळी, असा त्यांचा दावा होता. १७०८ साली जर्मनीत श्वार्झेनाउ येथे एडर नदीत पाच पुरुष व तीन स्त्रिया यांनी घेतलेला बाप्तिस्माही याच जातीचा. अलेक्झांडर मॅक हा त्यांचा पुढारी. पहिला बाप्तिस्मा कोणी दिला हे त्यांनी कधी उघड केले नाही. कोणा एकाच्या नावाने पंथ ओळखला जाऊ नये, हा त्यामागील हेतू. श्पेनरपासून निघालेल्या भक्तिचळवळीतच ही माणसे घडली होती. मात्र श्पेनरने जे मंडळ मेजाविना ठेवले होते, त्यास त्यांनी मेज दिले : प्रीतिभोजन, पादप्रक्षालन आणि प्रभूची भाकर व प्याला, एकाच संध्याकाळी, एकाच पंगतीत.

येथे एक पेच उद्भवतो व तो सर्वच बाप्तिस्मावादी मंडळ्यांचा आहे. आठ माणसांची मंडळी आठशेंची झाली म्हणजे पुन्हा आतल्या लहान संगतीची गरज भासते, आणि श्पेनरचा अनुत्तरित प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. मॅकच्या वारसांनी, म्हणजे अमेरिकेत गेलेल्या ब्रदरेन लोकांनी, यावर एक साधी तोड काढली. प्रीतिभोजनापूर्वी मंडळीचे सेवक घरोघरी जात आणि प्रत्येक सभासदास विचारीत : तुम्ही अजून विश्वासात स्थिर आहा काय? मंडळीशी व बंधुभगिनींशी तुमचा समेट आहे काय? ही विचारपूस झाल्यावरच पंगत बसे. घरातील संगती आणि मंडळीचे मेज यांस जोडणारा हा पूल होता. माझ्या मते श्पेनरच्या ग्रंथावरील सर्वांत मार्मिक टीका कोणत्याही पुस्तकात नसून या भेटींत आहे.

हेच लोक १८९४ साली मुंबईस उतरले व १८९५ साली त्यांनी तत्कालीन सुरत जिल्ह्यातील बलसाड येथे काम आरंभिले. तेव्हा त्यांचे अधिकृत नाव ‘जर्मन बॅप्टिस्ट ब्रदरेन’ असे होते. ‘चर्च ऑफ द ब्रदरेन’ हे नाव १९०८ सालचे. अंकलेश्वर, व्यारा, आहवा या गुजराती व डांगी मुलखात आणि डहाणूच्या मराठी भागात त्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. ज्या देशात कोणी कोणाचा स्पर्श घ्यावा व कोणी कोणाच्या पंगतीस बसावे हे जन्माने ठरत असे, तेथे पादप्रक्षालनाचा अर्थ एडरकाठच्यापेक्षा कितीतरी खोल होता. पण त्याबरोबरच शाळा, वसतिगृहे, दवाखाने व जमिनी आल्या, आणि आठ माणसांच्या संगतीची पुढे विश्वस्त-मिळकत असलेली संस्था झाली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तीत येणाऱ्या सहा मंडळ्यांत उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषद होती आणि ब्रदरेन मंडळीही होती. ऐक्याचे ध्येय प्रभूच्या प्रार्थनेतीलच आहे; त्याविषयी दुमत नसावे. तथापि ब्रदरेनांपैकी काही ऐक्याबाहेर राहिले, मिळकतीचा वाद न्यायालयात गेला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की केवळ ऐक्याच्या ठरावाने विश्वस्त-निधीची मिळकत नव्या मंडळीकडे जात नाही. कायद्याचा प्रश्न कायद्याने सुटला. पण आपल्यासमोरचा प्रश्न निराळा आहे : ऐक्याचा विचार जिल्हा सभेच्या ठरावात जितका झाला, तितका तो प्रीतिभोजनाच्या पंगतीत झाला काय? समेट आहे काय, हे दारोदार विचारणारी परंपरा ज्यांची होती, त्यांच्यात दोन्ही पक्षांना हा प्रश्न अजूनही विचारता येतो.

मराठी ख्रिस्ती समाजाला हा पेच परका नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला, तेव्हा मिशनच्या चौकटीबाहेर एक मोकळी संगती असावी, तीत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही ख्रिस्तशिष्य म्हणून यावेत, ही त्यांची आकांक्षा होती. १९१९ साली ते निवर्तले आणि दरबार फार काळ तग धरू शकला नाही. ज्या संगतीचा सारा भार एका थोर व्यक्तीवर असतो तिचे असेच होते. तिला दार असते, पण दुसऱ्या दिवशी ते उघडणारा नसतो.

आज सुरतेच्या नवागाम, डिंडोली, उधना या वस्त्यांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची तर दुसरा रात्रीची, अशा जीवनक्रमात रविवारच्या सकाळची उपासना पुष्कळांना दुर्मीळच असते. अशा ठिकाणी एखाद्या खोलीत सहा-सात जणांनी पाळी सुटल्यावर जमणे ही हौस नव्हे. ती त्यांची मंडळीच होय. तिकडे संशयाने पाहणारा पाळक श्पेनरच्या विरोधकांची चूक पुन्हा करील. उलट, अशा गटांची संख्या मोजून, अमुक जण झाले की गट दुभंगावा असा केवळ वाढीचा हिशेब जो मांडील, तो संगतीला साधन बनवील, आणि साधन झालेली संगती संगती राहत नाही.

तेव्हा लहान गट असावेत की नसावेत, या वादात आपण शक्ती खर्चू नये. त्या खोलीतून मंडळीच्या मेजापर्यंत वाट आहे काय, आणि मेजापासून त्या खोलीपर्यंत चालत जाणारा कोणी आहे काय, हे पाहावे. पहिली वाट नसेल तर फूट अटळ आहे. दुसरी नसेल तर फुटीचा दोष त्या खोलीतील माणसांना देता येणार नाही. ती वाट चालण्यासाठी मोठ्या योजनेची जरुरी नाही. रातपाळी संपण्याच्या वेळी उपदेशकाने दाराशी जाऊन समेटाविषयी विचारावे, आणि त्यांनी तोच प्रश्न उलट विचारला तर खरे उत्तर द्यावे, एवढे पुरे आहे.