मुदत ठेव, बाटलीतली

मी बी.कॉम., बँकेत कारकून. 'मुदत' हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप पावतीपुस्तकाकडे जातो. पिण्याच्या बाबतीत माझी मजल अर्ध्या ग्लास बिअरपुढे गेलेली नाही. तरीही आज मी बोर्दोच्या जुन्या रेड वाइनवर टीका करणार आहे. पोहता न येणारी माणसं नाही का, काठावर उभं राहून पोहणाऱ्याला सूचना देत?

माझा मावसभाऊ तुलूझला विमानांच्या कारखान्यात असतो. गेल्या वर्षी तो मला बोर्दोला, त्याच्या एका जुन्या घरमालकांकडे घेऊन गेला. त्यांच्या तळघरात बाटल्या आडव्या निजलेल्या. बूच ओलं राहावं म्हणून! वर अंधार, आणि बारा-तेरा अंशांचा कायमचा गारवा. आमच्या स्ट्राँगरूमचीसुद्धा एवढी बडदास्त नसते.

भिंतीवर मेदोक भागातल्या वाइनची वर्गवारी टांगली होती. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बाजारभाव बघून केलेली. तेव्हापासून दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात बढती मिळाली ती एकट्या मूताँला, 1973 साली. म्हणजे 118 वर्षांनी एक प्रमोशन! आमच्या बँकेला मी उगाच नावं ठेवतो.

बुवांनी 1990 सालची बाटली काढली. गाळ बसावा म्हणून ती आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी ती हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतली. रंग कडेला विटकरी झालेला. वास घेऊन ते म्हणाले, "देवदार, सिगारची पेटी, ओला पाचोळा." मला पावसाळ्यात उघडलेल्या ट्रंकेचा वास आला. भावाने तसं सांगितल्यावर बुवा खूश झाले.

माझा या शब्दांवर फारसा विश्वास नाही. बोर्दो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना त्यांनी व्हाइट वाइन तांबडी रंगवून दिली, आणि पोरांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. थोडक्यात, मसुदा डोळे तयार करतात. जीभ नुसती सही ठोकते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही बाटली बुवांच्या लग्नाच्या वर्षाची. दर वाढदिवसाला बाई म्हणायच्या, "आज उघडू या." हे म्हणायचे, "अजून मुरायची आहे." आता बाई नाहीत.

पहिला घोट मऊ होता. तुरटपणा सगळा मुरलेला. पण चव जिभेवर टेकते न टेकते तोच निघून गेली. बुवा ग्लासकडे बघत म्हणाले, "पाच वर्षं उशीर झाला."

कशाला, ते आम्ही विचारलं नाही.

मुदत ठेवीच्या पावतीवर तारीख छापलेली असते. त्या दिवशी माणूस नाही आला, तरी मुद्दल जागेवर असतं. वाइनचं तसं नाही. ती मुरते, माथ्यावर पोचते आणि कुणाला न कळवता उतरायला लागते. वर्षानुवर्षं सांभाळण्याचं हे शास्त्र थोर आहे. फक्त उघडायचा दिवस त्यात सांगितलेला नाही.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, "ती पैठणी नेस. घडीवर विरेल."

"आज? काय निमित्त?"

"बुधवार आहे."

तिने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग कपाट उघडलं.