बुराडी घाट आणि मराठी शौर्यकथा

मराठी शौर्यकथेचा जन्म गडावर झाला. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ (१८७१) या मराठीतील पहिल्या ऐतिहासिक कादंबरीच्या नावातच गड आहे आणि हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या शीर्षकातही तो आहे. या वाङ्मयप्रकारात गड हे केवळ स्थळ नसते. कथानकाची सारी यंत्रणाच त्यात सामावलेली असते. चढायला कडा असतो, शिरायला चोरवाट असते, लपायला भुयार असते आणि एका रात्रीत निकाल लागतो. ‘उषःकाल’मधील सावळ्यासारखा पोरगेला मुलगाही तेथे मोठमोठ्यांच्या बरोबरीने कथा पुढे रेटू शकतो, कारण डोंगरी मुलखात चपळाई, हुशारी आणि निष्ठा यांना खरोखरच मोल असते. या अद्भुतरम्यतेला वास्तवाचा आधार होता. १६७० साली सिंहगड घेतला गेला तो मूठभर माणसांच्या बळावर. तलवार धरणाऱ्या एका हाताने इतिहासाचा निकाल फिरतो, ही श्रद्धा सह्याद्रीच्या भूगोलाने मराठी कथेला बहाल केली.

हीच श्रद्धा घेऊन मराठी कथा दिल्लीला जाते, तेव्हा मात्र तिची खरी कसोटी लागते. ती कसोटी पानिपतावर लागली असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तिचा प्रारंभ त्याच्या वर्षभर आधी, १० जानेवारी १७६० रोजी, आज दिल्ली महानगराच्या पोटात सामावलेल्या बुराडी घाटावर झाला. अब्दालीच्या फौजेला यमुना उतरू न देण्यासाठी दत्ताजी शिंदे उतार अडवून उभे होते. मल्हारराव होळकरांची कुमक अद्याप दूर होती. हिवाळ्यामुळे नदीचे पाणी ओसरलेले, पात्रात उंच गवताची बेटे, आणि त्या गवताच्या आडोशाने नजीबखानाचे बंदूकधारी रोहिले पुढे सरकत आलेले. मराठ्यांचा भर तलवारीवर आणि भाल्यावर. जयाप्पांचा मुलगा, कोवळ्या वयाचा जनकोजी गोळी लागून जखमी झाला. दत्ताजीही गोळीनेच कोसळले. तो दिवस संक्रांतीचा होता. (अठराव्या शतकात संक्रांत आजच्यासारखी १४ जानेवारीला नव्हे, तर १० जानेवारीच्या सुमारास येत असे. पानिपतच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमी होती. लोकस्मृतीने बुराडीची संक्रांत उचलून पानिपताला जोडली. एका अर्थाने ते तिने फार चुकीचे केले असे नाही.)

येथे चढायला कडा नाही, शिरायला भुयार नाही. शत्रू दिसण्याआधी गोळी येते. शौर्यकथेचे व्याकरण ज्या क्रियापदांवर उभे असते, त्यांपैकी एकही या नदीकाठी चालत नाही. तरीही मराठी मनाने बुराडी घाटातून नेमके काय जपले? जखमी दत्ताजींनी कुत्बशहाला दिलेले उत्तर. ते आजही शाळकरी मुलाला तोंडपाठ असते. मात्र मराठी शौर्यपरंपरेतील हे सर्वांत गाजलेले वाक्य मराठीत नाही, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ‘भाऊसाहेबांची बखर’ हा प्रसंग सांगताना तो संवाद हिंदुस्तानीत ठेवते. त्या वाक्याचे ऐतिहासिक प्रामाण्य काहीही असो, बखरकाराची भाषिक जाण येथे विलक्षण आहे. यमुनेच्या काठावरचा मरणारा मराठा सरदार शत्रूच्या आणि प्रदेशाच्या बोलीत बोलतो, कारण तो आयुष्यभर त्याच मुलखात वावरला आहे. तो कोणा गडाचा पाहुणा नव्हे. उत्तर हिंदुस्थानच्या राजकारणाचा तो एक भाग आहे. पुढील काळातील कितीतरी कादंबरीकारांनी हे वाक्य उचलले; त्यामागचा माणूस मात्र फारच थोड्यांनी पाहिला.

गडावरची कथा मैदानात आणल्यावर लेखकापुढे जी अडचण उभी राहते, ती बहुतेकांनी दोन सोप्या वाटांनी टाळली. लढाईचे तुकडे पाडून तिची द्वंद्वयुद्धे करावयाची, म्हणजे तलवारीला पुन्हा काम मिळते. आणि तरीही पराभव उरतोच, तेव्हा तो फितुराच्या किंवा कर्तव्यचुकाराच्या माथी मारावयाचा. गोविंदाग्रजांच्या ‘पानपतचा फटका’ने या रणाला महाभारताच्या तोलाचे रूप दिले. कविता म्हणून ते शोभून दिसते. पण तोच आवेश गद्यकथेत उतरला की तोफा, रसद, थंडी आणि उपासमार हे सारे किरकोळ तपशील ठरतात. तरुण वाचक मग असे शिकतो की, धैर्य कमी पडले नाही तर माणूस हरतच नाही. हे असत्य आहे, आणि ते प्रथम त्या मेलेल्यांवरच अन्याय करते. कारण धैर्य कमी पडले नव्हते.

या अन्यायाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विश्वासराव. वय अठरा. पेशव्यांचा थोरला मुलगा, मोहिमेचा नाममात्र नायक. शौर्यकथेला हवा असतो तसा तरुण वीर इतिहासाने आयता हाती दिला; परंतु मराठी साहित्यात त्याला प्रायः स्वतःचा आवाज नाही. तो देखणा आहे, आणि त्याला गोळी लागते. त्याचा मृत्यू येतो तो भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरावे एवढ्यासाठीच. पुण्याहून निघालेल्या या मुलाने ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली कशी पाहिली असेल? फौजेच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवली जात होती, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल? साहसकथेचा खरा गाभा येथे होता. तलवारीच्या पात्याकडे पाहणाऱ्या लेखकांना त्या चांदीकडे पाहणे जमले नाही.

विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीचे मोल या पार्श्वभूमीवर ठरवावयास हवे. त्र्यं. शं. शेजवलकरांनी भाऊसाहेबांच्या बाजूने केलेल्या मांडणीचे ऋण तीत जाणवते. परंतु तिचे बळ त्या वकिलीत नाही. दाणावैरीची चिंता, न पोहोचणारी रसद, बाजारबुणग्यांचे व यात्रेकरूंचे ओझे, उत्तरेची थंडी यांना तिने कथानकात पात्रांइतकेच स्थान दिले. नदी, गवत आणि भूक मराठी युद्धकथेत येथे प्रथमच एवढ्या जोमाने शिरली. तिची भाषा पुष्कळदा व्यासपीठावरची होते, उपमांची गर्दी होते आणि पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी वाचकाला उद्देशून बोलतात, हे दोषही नाकारण्यात अर्थ नाही. शत्रूच्या छावणीतील माणसांना तिने दिलेला अवकाश मात्र पूर्वीच्या शौर्यकथांनी कधी दिला नव्हता.

तरुण नायकाचा प्रश्न याहून निराळ्या रीतीने सोडवला तो रणजित देसाई यांनी. ‘स्वामी’ (१९६२) पानिपतानंतर सुरू होते. विश्वासरावांच्या जागी सोळाव्या वर्षी पेशवा झालेला धाकटा भाऊ हा तिचा नायक. सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने जाणारा. या कादंबरीत लढाया आहेत. पण वाचकाच्या लक्षात राहतात ते हिशेब, न्याय, चुलत्याशी चाललेला झगडा आणि खोकला. साहित्य अकादेमीचा १९६४ चा पुरस्कार तिला लाभला. तिच्यातील भावुकतेवर टीका करणे सोपे आहे, आणि ती झालीही आहे. तथापि तारुण्याचे शौर्य कर्ज फेडण्यातही असू शकते, हे मराठी वाचकाला पटवणारी ही महत्त्वाची कादंबरी होय.

दिल्लीच्या परिसरात मराठ्यांची आणखी एक रणभूमी आहे; तिच्याकडे शौर्यकथेने जवळजवळ पाठच फिरवली आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वेस, पटपडगंजच्या लढाईत, जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. पलटणींचा सेनापती बूरकें फ्रेंच होता आणि त्याने रणातून पळ काढला. शिपाई बहुतांशी हिंदुस्तानी होते. ते बंदुका घेऊन रांगेत उभे राहिले, आणि तोफा सोडून न जाता त्यांतील पुष्कळजण तेथेच पडले. त्यांत नावाने ओळखावा असा तरुण वीर नाही, हातात तलवार नाही, आणि तोंडी देता येईल असे वाक्यही कोणी जपून ठेवलेले नाही.