पीडी-१ दिसला, म्हणजे पेशी थकली का?

काळा आजारावरचे शोधनिबंध वाचताना एक वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल: 'रुग्णांच्या टी पेशींवर पीडी-१ वाढलेला आढळला, म्हणजे या पेशी थकलेल्या आहेत.' यातल्या 'म्हणजे'वर माझा आक्षेप आहे.

पीडी-१ हे टी पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, तिचा ब्रेकच म्हणा ना. पण नुकत्याच जाग्या झालेल्या, जोमात असलेल्या पेशीवरही तो दिसतो. ब्रेक आहे म्हणून गाडी बंद पडलीय, असं कुणी म्हणेल का? थकवा सिद्ध करायचा तर पेशीला परजीवीचं प्रतिजन द्या आणि ती इंटरफेरॉन-गॅमा बनवते का ते बघा.

तेही सोपं नाही. रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशी लिशमॅनियाच्या प्रतिजनाला फारशी दाद देत नाहीत. बिहारमधल्या रुग्णांचं अख्खं रक्त वापरलं, तेव्हा मात्र इंटरफेरॉन-गॅमा सापडला. शिवाय परजीवीचा मुक्काम प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत. २००७ मध्ये भारतीय रुग्णांच्या प्लीहेतल्या पेशींवरचा अभ्यास आला. प्रतिकार दाबणाऱ्या आयएल-१० चा मुख्य स्रोत तिथे फॉक्सपी-३ वाल्या नियामक पेशी नव्हत्याच, वेगळ्याच टी पेशी होत्या.

हा शब्दांचा कीस नाही. पीडी-१ रोखणारी औषधं कर्करोगात वापरात आहेत आणि 'थकवा' हा शब्द रुळला की तीच इथेही सुचवली जातात. म्हणून पुढचा निबंध हातात घ्याल तेव्हा आधी विचारा: पेशी नुसत्या मोजल्या, की कामालाही लावून बघितल्या?