माशाने मारलेला शिपाई

न्यू ब्रिटन बेटावर जपानी शिपाई पाण्यात हातबॉम्ब टाकून मासे मारताहेत. त्यातला एक, हावरटपणे एक मासा तोंडात धरून दुसऱ्यावर झडप घालतो. तोंडातला मासा घशात सरकतो आणि शिपाई गुदमरून मरतो. शिगेरू मिझुकी यांच्या ‘सोइन ग्योकुसाई सेयो!’ या १९७३च्या मांगामधला (जपानी चित्रकथेतला) हा प्रसंग वाचताना आधी हसूच फुटतं, आणि मग आपल्याच हसण्याची लाज वाटते. हास्य आणि बीभत्स एकाच चौकटीत नांदवणारे चित्रकार फार नसतात.

मिझुकींनी हे ऐकीव लिहिलेलं नाही. १९२२ साली जन्मलेला, साकाइमिनातो या बंदरगावात भुतांच्या गोष्टी ऐकत वाढलेला हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात ओढला गेला आणि न्यू ब्रिटनवरच्याच राबाउलच्या आघाडीवर पोचला. मलेरियाने आजारी असताना झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्याचा डावा हात गेला. परतल्यावर रस्त्यावरच्या कामिशिबाई या चित्रकथांसाठी चित्रं काढली, मग भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी मांगा. ‘किटारो’ या भुताच्या पोराने त्यांना घरोघरी पोचवलं, तेव्हा चाळिशी उलटली होती. युद्धावरचं हे पुस्तक पन्नाशीनंतरचं.

पुस्तकाची सगळी किमया रेषेत आहे. माणसं अगदी साधी: फुगीर नाकं, ठिपक्यांचे डोळे, लोंबते ओठ. मागचं रान मात्र पान न् पान रेखलेलं, फोटोसारखं दाट. सुरुवातीला हा नुसता शैलीचा खेळ वाटतो. हळूहळू लक्षात येतं की या बेटावर झाडं खरी आहेत, समुद्र खरा आहे. माणसंच तात्पुरती आहेत. चेहरे एकमेकांत मिसळतात, कोण मेला ते मागे जाऊन पाहावं लागतं. हा दोष म्हणता येईल. मला तो पुस्तकाच्या पथ्यावरच पडलेला वाटतो. वरिष्ठ ज्यांना ऊठसूट थोबाडतात, त्यांची नावं त्या वरिष्ठांनी तरी कुठे लक्षात ठेवली होती?

ताडोकोरो हा तरुण मेजर शेवटच्या माणसापर्यंत मरण्याच्या हल्ल्याचा हट्ट धरतो. हल्ला होतो, सगळे कामी आले अशी बातमी राबाउलच्या मुख्यालयात पोचते. पण काही जण वाचलेले असतात, आणि आता त्यांचं जगणंच अडचणीचं ठरतं. कागदावर मेलेल्यांनी पुन्हा मरावं, असा हुकूम सुटतो. त्यांच्यासाठी रदबदली करणारा लष्करी डॉक्टर अखेर स्वतःचाच जीव देतो. मिझुकी इथे आवाज चढवत नाहीत. कचेरीतली बोलणी कचेरीच्याच सुरात चालू राहतात, आणि त्यामुळे ती जास्त चीड आणतात.

सुरुवातीला वेश्यागृहासमोर शिपायांची रांग लागते. आपल्या नकोशा धंद्याचं तिथल्या बायकांचं रडगाणं शिपायांच्याही तोंडी बसतं. त्या बायकांकडे पुस्तक पुन्हा वळत नाही, ही मला खरी उणीव वाटते. गाणं मात्र परत येतं, जखमी मारुयामाच्या तोंडून. हा मारुयामा म्हणजे मिझुकी स्वतः. प्रत्यक्षात त्या तुकडीतले काही जण वाचले. पुस्तकात मिझुकींनी कुणालाच वाचवलेलं नाही, आपल्या प्रतिरूपालाही नाही. मारुयामा मेल्यानंतरच्या पानांवर शब्द नाहीत. आणि इथे रेषा बदलते: आतापर्यंत व्यंगचित्रासारखे दिसणारे देह मेल्यावर प्रथमच रानाइतके खरे, बारकाईने रेखलेले दिसतात.

सैन्याला हवं होतं ते उदात्त मरण आणि माशाने आणलेलं फुटकळ मरण, मिझुकी दोन्ही एकाच मापाने मोजतात. युद्धविरोधी पुस्तकं पुष्कळ आहेत; इतकं हसवून इतकं अस्वस्थ करणारं दुसरं मला माहीत नाही. ‘ऑनवर्ड टुवर्ड्स अवर नोबल डेथ्स’ या नावाने २०११ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला आहे. तो उजवीकडून डावीकडे वाचायचा, आणि पहिल्या वाचनात चेहऱ्यांचा घोळ झाला तरी थांबायचं नाही.