कार्यप्रणालीच्या प्रसाराचे मोजमाप : आकडा आणि त्यामागील गृहीतके

संगणकीय कार्यप्रणालीचा, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमचा, प्रसार किती हा प्रश्न वरकरणी शिरगणतीसारखा साधा भासतो. परंतु शिरगणतीला दारोदार फिरणारा प्रगणक असतो. येथे तो नाही. सर्वसाधारण वस्तूचा प्रसार विक्रीवरून मोजला जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभलेल्या लिनक्सच्या बाबतीत मात्र हे साधन फारसे कामाचे नाही. परवान्यानुसार एकच प्रत कितीही यंत्रांवर बसविता येते आणि तसे कोणास कळविण्याचे बंधन नसते. याउलट विंडोजसह विकत घेतलेल्या संगणकावर दुसऱ्याच दिवशी लिनक्स बसविले, तरी विक्रीच्या खात्यात तो विंडोजचाच राहतो. या दोन्ही त्रुटी एकाच दिशेला झुकतात, हे लक्षणीय आहे.

यावर लिनक्स समुदायाने योजलेले उपाय प्रामाणिक असले तरी तोकडे आहेत. १९९३ मध्ये सुरू झालेला 'लिनक्स काउंटर' स्वेच्छानोंदणीवर विसंबून होता. तेथे वापरकर्त्यांपेक्षा नोंदणीची हौस असणारेच मोजले गेले. डेबियनची गणनाही वापरकर्त्याच्या संमतीवर अवलंबून आहे. फेडोराने अद्ययावतीकरणाची मागणी करणारे इंटरनेट पत्ते मोजले. त्यात एकाच पत्त्यामागील संपूर्ण प्रयोगशाळा 'एक' ठरते, तर घर आणि कार्यालय यांत फिरणारा एकच लॅपटॉप 'दोन'. २०२० मधील फेडोरा ३२ पासून यंत्राची ओळख न उघड करता आठवड्यातून एकदा खूण पाठविण्याची पद्धत आली. ती अधिक निर्दोष आहे. मात्र ती एकाच वितरणापुरती मर्यादित आहे.

आज सर्वाधिक उद्धृत होतात ते संकेतस्थळांच्या भेटींवरून काढलेले आकडे. त्यांची विश्वसनीयता तपासण्यास मे २०१२ चे उदाहरण पुरेसे आहे. त्या महिन्यात स्टॅटकाउंटरच्या गणनेत क्रोम हा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोररच्या पुढे गेला होता; नेट ॲप्लिकेशन्सच्या गणनेत मात्र एक्सप्लोररचा वाटा निम्म्याहून अधिक होता. एक संस्था उघडलेली पाने मोजत होती, दुसरी अभ्यागत मोजून त्यांना देशनिहाय भार देत होती. येथे मतभेद ब्राउझरविषयी असला, तरी कार्यप्रणालीचे आकडेही याच नोंदींतून निघतात. शिवाय नोंदीतील मूळ माहिती ही ब्राउझरने स्वतःविषयी दिलेले निवेदन असते. विंडोज ११ वरील ब्राउझर या निवेदनात आजही स्वतःला विंडोज १० वरील म्हणवितो. साक्षीदारच ओळख बदलून सांगत असेल तर दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांना कोणता अर्थ उरतो?

याहून मूलभूत अडचण व्याख्येची आहे. अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्सचेच कर्नल आहे. ते गणनेत धरल्यास लिनक्स जगातील सर्वाधिक प्रसृत प्रणालींपैकी एक ठरते. वगळल्यास टेबलावरील संगणकांपुरता अल्प वाटा उरतो. याउलट नोव्हेंबर २०१७ पासून 'टॉप ५००' यादीतील सर्वच्या सर्व महासंगणक लिनक्सवर चालतात, या विधानाविषयी वाद नाही. कारण तेथे छेद ५०० हा आधीच निश्चित आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीत डेस्कटॉपवरील लिनक्सने ४ टक्क्यांची मर्यादा ओलांडली, तेव्हा समर्थकांनी तिचे उत्साहाने स्वागत केले. वाटा १ टक्का दाखविला जात होता, तेव्हा हीच पद्धत सदोष असल्याचे त्यांच्यापैकी अनेक जण सांगत असत! आकडा अनुकूल झाला म्हणून पद्धत निर्दोष होत नाही.

हा वाद केवळ अभ्यासकांपुरता नाही. मुद्रकाचा वा स्कॅनरचा उत्पादक चालक-आज्ञावली कोणत्या प्रणालीसाठी लिहावी हे ठरविताना वापराचा वाटाच पाहतो. वाटा अल्प दिसला की आज्ञावली लिहिली जात नाही. ती नसल्याने कार्यालये ती प्रणाली टाळतात. आणि पुढील वर्षीच्या गणनेत वाटा पुन्हा अल्पच दिसतो. अशा वेळी मोजमाप हे वस्तुस्थितीची केवळ नोंद करीत नाही, काही अंशी ती घडवीतही असते.