पाहुण्याच्या हातातील माप

प्रवासवर्णनाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच नेटाने विचारला जातो. वर्णन चित्रमय आहे काय, शैली खेळकर आहे काय, माहिती भरपूर आहे काय, एवढे पाहून आपण ग्रंथ खाली ठेवतो. आमच्या मते याहून अधिक मूलगामी अशी एक कसोटी आहे. प्रवासी घरून निघताना एक माप बरोबर घेऊन निघालेला असतो, आणि परक्या भूमीवरील डोंगर, पाखरे, माणसे, उत्सव या साऱ्यांना तो ते लावीत जातो. जे पाहिले त्यामुळे ते माप कोठे मोडले काय, निदान वाकले काय, हे पाहावे. तसे झाले असेल तर दोन संस्कृतींत काही देवाणघेवाण झाली असे म्हणता येईल. झाले नसेल तर वर्णन कितीही रमणीय असो, लेखक आपल्या दिवाणखान्यातून हललाच नाही, असे समजावे.

ही कसोटी लावून पाहण्यास वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाइतके सोयीचे उदाहरण विरळा. वेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अवघ्या काही मैलांवरचे, सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे हे बेट. १४९८ मध्ये कोलंबसने ते पाहिले. पुढे स्पेनची सत्ता, फ्रेंच मळेवाल्यांची वसाहत आणि १७९७ पासून इंग्रजांचा अंमल, असा त्याचा इतिहास आहे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना १८३४ ते १८३८ या काळात मुक्तता मिळाली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज हिंदुस्थानातील पहिले करारबद्ध मजूर घेऊन तेथे पोचले. १९१७ पर्यंत चाललेल्या या गिरमिट-पद्धतीत सुमारे एक लक्ष चव्वेचाळीस हजार माणसे या एका बेटावर गेली. त्यांतील बहुसंख्य लोक कलकत्ता बंदरातून गेलेले, अवधी आणि भोजपुरी बोलणारे होते. आपल्याकडील मराठी मजूर मुंबई बंदरातून गेले ते प्रामुख्याने मॉरिशसला. तेव्हा त्रिनिदाद आपल्याला एका अर्थी परकेच आहे. पण तेथे जे उभे राहिले त्याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे, आणि म्हणूनच त्याविषयी चूक करण्याचा मोह आपल्याला सर्वांत अधिक आहे.

पहिला पाहुणा चार्ल्स किंग्स्ले. इंग्लंडातील हा धर्मोपदेशक, कादंबरीकार आणि निसर्गशास्त्राचा हौशी अभ्यासक १८६९ च्या अखेरीस गव्हर्नर गॉर्डन यांचा अतिथी म्हणून त्रिनिदादला गेला. त्याचा 'ॲट लास्ट' हा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. 'अखेर एकदाचे' या अर्थाच्या त्या नावातच बालपणापासूनची ओढ आहे. वनस्पतींची लॅटिन नावे त्याला मुखोद्गत होती. तरीही घनदाट अरण्यात पाऊल टाकताच आपण गोंधळलो, असहाय झालो, भयचकित झालो, हे तो मोकळेपणाने सांगतो. एका वृक्षाची पाने कोणती आणि त्यावर चढलेल्या वेलीची कोणती, हे कळेनासे होते. ग्रंथातून मिळविलेले ज्ञान प्रत्यक्ष अरण्यापुढे अपुरे पडते, आणि ही अपुरेपणाची जाणीवच त्याच्या निसर्गवर्णनाला सच्चेपणा देते. मात्र अरण्याकडून मळ्याकडे वळताच हाच लेखक गव्हर्नरच्या ओसरीवरून पाहू लागतो. हिंदी मजुरांचा डौल त्याला दिसतो, स्त्रियांचे दागिने दिसतात, कराराची व्यवस्था उत्तम चालल्याचे समाधानही वाटते. पण मजुराला स्वतःला त्या कराराविषयी काय वाटते, हे विचारावेसे वाटत नाही. वेलीपुढे नम्र झालेले माप माणसापुढे ताठ उभे राहते.

इतिहासकार जेम्स अँथनी फ्रूड याच्याकडे ही नम्रताही नव्हती. १८८८ च्या आपल्या ग्रंथात, या बेटांवर स्वतःचे शील आणि स्वतःचे ध्येय असलेला लोकसमाजच नाही, असा निवाडा त्याने दिला, आणि म्हणून त्यांना स्वराज्य देऊ नये असे सुचविले. त्याला उत्तर दिले ते एका शाळामास्तराने, ही गोष्ट अध्यापकवर्गाने विसरू नये. जॉन जेकब टॉमस हा त्रिनिदादचा कृष्णवर्णी शिक्षक होता. त्याला विद्यापीठाचे दार कधी उघडले नव्हते. खेडेगावच्या शाळांत शिकविता शिकविता त्याने सामान्य जनांच्या फ्रेंच-क्रिओल बोलीचा अभ्यास केला आणि १८६९ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. ज्या बोलीला शिष्ट लोक फ्रेंचचे विद्रूप म्हणत, तिला स्वतःचे नियम आहेत, म्हणी आहेत, हे त्याने दाखविले. फ्रूडचा ग्रंथ आल्यावर त्याने १८८९ मध्ये 'फ्रूडॅसिटी' लिहिले. लेखकाचे नाव आणि उद्धटपणा यांची सांगड घालणारे हे शीर्षक बोचरे खरे. परंतु ग्रंथाचे बळ शब्दखेळात नाही. फ्रूडने धावत्या भेटीत आणि यजमानांच्या पंक्तीला बसून ऐकलेल्या गोष्टी प्रमाण मानल्या, हे तो मुद्द्यामागून मुद्दा घेऊन उघड करतो. त्याच वर्षी टॉमस लंडनमध्ये निवर्तला. बेटाने पाहुण्याच्या मापाला दिलेले हे पहिले समर्थ ग्रंथरूप उत्तर आहे, असे आम्ही मानतो.

मात्र पाहुणा बाहेरचाच असतो असे नाही. व्ही. एस. नायपॉल यांचा जन्म १९३२ मध्ये त्रिनिदादमधील चग्वानास येथे एका गिरमिटिया वंशातील कुटुंबात झाला. इंग्लंडात स्थायिक झाल्यावर १९६० मध्ये ते मायदेशी परतले आणि त्या फेरीतून १९६२ चे 'द मिडल पॅसेज' निपजले. या बेटांवर काहीच निर्माण झाले नाही आणि निर्मितीवाचून इतिहास नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तेलाच्या पिंपांपासून घडविलेल्या स्टीलपॅनचा नाद आपल्याला असह्य होतो, हेही ते सांगतात. आता हे वाद्य कसे जन्मले ते पाहावे. एकोणिसाव्या शतकात सरकारने ढोलांवर निर्बंध घातले, तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे आपटून ताल धरला. आणि पुढे १९३०–४० च्या सुमारास टाकाऊ डबे आणि पिंपे ठोकून त्यांतून सप्तसूर काढले. विसाव्या शतकात जगाला मिळालेले एक नवे वाद्य ज्याच्या कानाशी वाजत होते, त्याच लेखकाने येथे काही निर्माण झाले नाही असे लिहावे, याला काय म्हणावे?

आणि तरीही नायपॉल यांना केवळ दोष देऊन सुटका नाही. आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्यांची 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. स्वतःचे घर असावे म्हणून धडपडणाऱ्या एका सामान्य माणसाची ती कथा त्याच बेटाची, त्याच समाजाची आहे. आणि तिच्यात उपहासाइतकीच माया आहे. कादंबरीकाराला पात्रांच्या घरात वर्षानुवर्षे मुक्काम करावा लागतो. प्रवाशाला मुक्काम हलवायचा असतो, म्हणून तो निकाल देऊन मोकळा होतो. एकाच लेखणीतून, एकाच भूमीविषयी, वर्षभराच्या अंतराने असे दोन भिन्न ग्रंथ उतरावेत, यावरून उणीव बुद्धीची नव्हे तर प्रवाशाच्या भूमिकेचीच होती, हे स्पष्ट होते.

या पार्श्वभूमीवर डेरेक वॉलकॉट यांचे १९९२ चे नोबेल व्याख्यान वाचावे. वॉलकॉट (१९३०–२०१७) हे शेजारच्या सेंट लुशिया बेटाचे. आफ्रिकी आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांचे. १९५९ मध्ये त्यांनी त्रिनिदादमध्ये नाट्यशाळा स्थापन केली होती. म्हणजे त्रिनिदाद त्यांना परके नव्हते. तेथील हिंदू समाज मात्र जवळजवळ परका होता. व्याख्यानाच्या आरंभी ते कॅरोनीच्या सपाटीवरील फेलिसिटी या खेड्यात अमेरिकन मित्रांना घेऊन जातात. उसाच्या शेतांच्या कडेला रामलीलेची तयारी चालली आहे: बांबूचा भव्य पुतळा, रंगीत वस्त्रांतील मुले, धनुष्यबाण. वॉलकॉट नाटककार, त्यांच्या हातातील माप नाट्याचे. त्यांना वाटले, हे नट आहेत, हा प्रयोग आहे, एका महाकाव्याचा दूर देशी उरलेला हा अवशेष आहे. त्या अवशेषाविषयी एक सुंदर विषादही त्यांच्या मनात दाटून आला. आणि मग आपली गफलत त्यांच्या ध्यानात आली. ही मुले नटत नव्हती. त्यांची श्रद्धा होती. येथे कोणी गमावलेल्या गोष्टीचा शोक करीत नव्हते. उत्सव चालला होता. शोक पाहुण्याने आपल्याबरोबर आणला होता.

कोकणातील किंवा गोमंतकातील देवळापुढे रात्रभर दशावतार पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे वेषधारी देवापुढे हात जोडणारी वृद्धा नाट्यसमीक्षा करीत नसते.

वॉलकॉट यांचा मोठेपणा असा की, ही चूक त्यांनी तळटीपेत दडविली नाही. जगातील सर्वांत प्रतिष्ठित व्यासपीठावरून तिलाच व्याख्यानाचा पाया केले. फुटलेले भांडे ज्या प्रेमाने सांधले जाते ते प्रेम, भांडे अखंड असताना असलेल्या प्रेमाहून बळकट असते, हा त्यांचा विचार या कबुलीतूनच उगवतो. पर्यटनाच्या जाहिरातपत्रकांत बेट म्हणजे निळे पाणी आणि हसरा सेवक एवढेच उरते, ही त्यांची टीकाही त्यामुळे केवळ संताप राहत नाही. कारण जाहिरातीतले डोळे आणि विषादाने पाणावलेले सुसंस्कृत डोळे यांत फारसे अंतर नाही, हे ते स्वतःवरून शिकले आहेत.

याच व्याख्यानात रामलीलेच्या बरोबरीने कॅरोनीच्या दलदलीतील तांबडे पक्षी येतात. आपल्याकडील शराटीच्या कुळातील हा 'स्कार्लेट आयबिस' १९६२ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, राष्ट्रीय पक्षी ठरला. सायंकाळी खारफुटीवर उतरणारे त्याचे थवे पाहण्यास प्रवासी होड्यांतून जातात. या पक्ष्याची पिले करड्या-तपकिरी रंगाची असतात. दलदलीतील खेकडे आणि झिंगे खात खात, त्यांतील रंगद्रव्यांमुळे पिसे लाल होतात. तसे खाद्य न मिळाल्यास बंदिवासात रंग फिका पडतो. म्हणजे तो रंग त्याला त्या जागेनेच दिलेला असतो. निसर्गाचे हे सत्य वाटाड्याकडून ऐकणाऱ्या प्रवाशाने तेच सत्य किनाऱ्यावरच्या माणसांनाही लावून पाहावे, एवढीच आमची अपेक्षा. फेलिसिटीच्या रामलीलेचा रंगही कॅरोनीच्या चिखलातला आहे. तो काशीहून आयात केलेला नाही.

तथापि या व्याख्यानात एक उणीव आहे. रामलीला करणाऱ्यांचा सूर त्यात ऐकू येत नाही. पुतळा बांधणारा कारागीर कोण, मुलांना संवाद कोण शिकवितो, हे वॉलकॉट विचारीत नाहीत. ते चूक ओळखतात, पण ती ओळखतात दुरून, मनातल्या मनात. एका शेतकऱ्याशी ते तासभर बोलते तर भाषेची दुखरी कथाही कदाचित पुढे आली असती. त्रिनिदादमधील भोजपुरी पिढीगणिक ओसरत गेली. भजनांत, गाण्यांत, भांड्याकुंड्यांच्या आणि नात्यांच्या नावांत ती उरली. सांधलेल्या भांड्याचे कौतुक करताना हरवलेल्या तुकड्यांचीही मोजदाद व्हावयास हवी होती. शिवाय ज्या उसाच्या शेतांच्या पार्श्वभूमीवर हे चित्र उभे आहे, ती शेती पुढे राहिली नाही. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगार बेकार झाले. रामलीला मात्र चालू आहे. वॉलकॉट यांच्या प्रतिपादनाला याहून भक्कम पुरावा तो कोणता?

हा विषय या नियतकालिकाच्या वाचकांपुढे ठेवण्यात आमचा एक हेतू आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अथवा गोवे येथे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणाऱ्या आपणांस पुण्या-मुंबईचा पाहुणा कधी कौतुकाने, कधी कीव करीत सांगतो की, 'तुम्ही अजून बरे मराठी टिकवून धरले आहे.' त्या 'अजून' या शब्दात फेलिसिटीच्या वाटेवरील वॉलकॉट यांचा विषादच आहे. आपली बोली मुळाची झिजलेली प्रत नव्हे, हे आपण जाणतो. पण उद्या आपल्यापैकी कोणी त्रिनिदादला गेला आणि तेथील रामकथेतील उच्चार ऐकून किंचित हसला, तर तेच माप आपल्या हातात असेल. ज्याच्या पाठीवर पट्टी पडली, तो ती दुसऱ्यावर उगारताना थांबतोच असा अनुभव नाही.

उच्च माध्यमिक आणि महाविद्यालयीन वर्गांतून प्रवासवर्णन शिकविताना वॉलकॉट यांच्या व्याख्यानाचा सारांश आणि टॉमसची कथा विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, अशी आमची अध्यापकबंधूंना विनंती आहे. सहलीहून परतलेल्या मुलांना आपण 'काय पाहिले?' असा निबंध नेहमी घालतो. त्याऐवजी एखादे वर्षी 'तेथे कोणाशी बोललात आणि आपले कोणते मत बदलले?' असा विषय घालून पाहावा. उत्तरे आखूड येतील. परंतु त्यांतून वाचण्याजोगे काही हाती लागेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.