घराची किंमत कोण मोजतो?

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. शिक्षण मॅट्रिकपुरते, कादंबऱ्या लिहिल्या त्याही मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात. परंतु गेल्या आषाढात असा प्रसंग आला की, घराविषयीचे एक नाटक आणि दोन चित्रपट मला नव्याने पारखून पाहावे लागले. आणि तेही रसिक म्हणून नव्हे, तर घराचे गिऱ्हाईक म्हणून.

आम्ही शिरूरचे. वडिलांनी बांधलेल्या जुन्या घरात आम्हा दोघा भावांचा वाटा आहे. माझी नोकरी दौंड तालुक्यातल्या एका शाळेत. मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि वसतिगृहात राहू लागली. शिरूरला रेल्वे नाही. नगर रस्त्यावर वाघोलीच्या गर्दीत सापडलेली एस. टी. केव्हा पोहोचेल, हे कंडक्टरलाही सांगता येत नाही. दौंडहून मात्र २०१७ साली पुण्याला डेमू गाडी सुरू झाली. अंतर पाऊणशे किलोमीटर, वेळ दीड तासाच्या आसपास. मनात आले, शिरूरचा वाटा धाकट्या भावाला द्यावा, वीस लाखांचे कर्ज काढावे आणि दौंडला नव्या इमारतीत घर घ्यावे. मला शाळा जवळ, मुलीला गाडी जवळ. इसाराचे पैसेही बाजूला काढून ठेवले.

अशा मनःस्थितीत ‘घरोंदा’ पुन्हा पाहिला. भीमसेन यांचा हा १९७७ चा हिंदी चित्रपट, कथा शंकर शेष यांची. पण अमोल पालेकर आणि डॉ. श्रीराम लागू यांच्यामुळे तो आपल्याला घरचाच वाटतो. कचेरीत काम करणारे सुदीप आणि छाया मुंबईत घर घेण्यासाठी पै-पै साठवतात आणि बिल्डर पैसे घेऊन नाहीसा होतो. लहानपणी हा चित्रपट पाहिला तेव्हा त्या बिल्डरला शिव्या देऊन मी मोकळा झालो होतो. यंदा ध्यानात आले की, खरा अपराध त्याच्या पुढेच आहे. छायाशी लग्न करू इच्छिणारा श्रीमंत मालक आजारी आहे, तो फार दिवस काढणार नाही, तेव्हा तिने त्याच्याशी लग्न करावे, असे खुद्द सुदीपच तिला सुचवतो. घर दोघांचे व्हायचे. पण त्याची किंमत चुकती करायची ती एकटीने!

चित्रपटाचे बळ इथे आहे, आणि उणेपणाही इथेच. सुदीप दुष्ट नाही, नुसता घराला आसुसलेला आहे, म्हणून तो आपल्याला आपल्यासारखा वाटतो आणि अंगावर काटा येतो. पण पुढे मालक इतका सज्जन निघतो की, छायावरचा अन्याय आपोआप गोड होऊन जातो. झरीना वहाब यांनी छाया मोठ्या संयमाने उभी केली आहे. कथेने मात्र तिला कठीण प्रश्नातून फार लवकर सोडवले.

बिल्डरपुरते म्हणाल, तर आता रेरा कायदा आहे. २०१६ च्या या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकांच्या पैशांतले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. सुदीपच्या मोहाला मात्र कोणता कायदा आवरणार?

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ या बाबतीत अधिक कठोर आहे, म्हणूनच अधिक मोठे. विजया मेहता यांनी १९८५ साली ते रंगभूमीवर आणले. विदर्भातले देशपांड्यांचे घराणे. तात्याजी वारलेले, तेराव्याच्या खर्चाची विवंचना, मुंबईहून आलेला सुधीर आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. वाड्याच्या मोठेपणाविषयी बोलणारे त्या घरात पुष्कळ. पण वाडा तोलून धरला आहे तो शिकण्याची इच्छा मोडलेल्या प्रभाने आणि गड्यासारख्या राबणाऱ्या चंदूने. चंदूच्या तोंडी नाटककाराने भाषणे घातलेली नाहीत. तो नुसता काम करताना दिसतो, आणि तेवढे पुरते. हे नाटक पुन्हा वाचताना मला माझ्याच घरातला वाटा आठवत होता.

निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) घर मिळालेले आहे. संदीप कुलकर्णी यांनी साकारलेला माधव आपटे रोज तेच उठणे, तीच लोकल, तेच परतणे भोगतो. आरंभीची ही पुनरुक्ती म्हणजे चित्रपटातला सर्वांत खरा भाग. पुढे आपटे बॅट घेऊन भ्रष्टाचारावर तुटून पडतो आणि चित्रपट उगाच मोठ्याने बोलू लागतो. त्या रोजच्या तासांचा हिशेब मात्र अर्धाच राहतो.

तो मी शाळेतल्या फळ्यावर पुरा केला. घरापासून कचेरीपर्यंत दोन तास, तेवढेच परत. दिवसाला चार, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे १०० तास, वर्षाचे १,२००. म्हणजे अहोरात्र धरले तर ५० दिवस. कर्ज वीस वर्षांचे; तेवढ्यात १,००० दिवस गाडीत. साडेआठ टक्क्यांनी वीस लाखांचा हप्ता महिना १७,३५० च्या घरात जातो, हे बँकेच्या माणसाने आपण होऊन सांगितले होते. हजार दिवसांचे कोणी बोलले नव्हते.

रविवारी मुलगी आली. तिला हिशेब दाखवला. ती हसली नाही. म्हणाली, “अण्णा, हप्ता तुम्ही भरणार, पण हे दिवस माझे जाणार. मला विचारलं का?”

मी गप्प बसलो. सुदीपला नावे ठेवताना माझा आवाज केवढा चढला होता!

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “घर घे बाबा, पण माझं अंथरूण हितंच राहू दे.” तिलाही मी विचारले नव्हते.

इसाराचे पैसे अजून द्यायचे होते. ते दिले नाहीत. मुलीने मैत्रिणींबरोबर हडपसरला भाड्याने खोली घेतली आहे, आणि मी शिरूरहूनच एस. टी.ने शाळेला जातो. दौंडचे घर वाईट नव्हते. ज्या घरातला कर्ता माणूस दौंडलाच नोकरीला आहे, त्याने ते खुशाल घ्यावे.

वाचकहो, दिवाळीला सगळी माणसे एकत्र जमतात आणि फराळाच्या ताटांवर घर घेण्याच्या गोष्टी निघतात. या तीन कृती एकदा अवश्य पाहा, वाचा. मग क्षेत्रफळ आणि हप्ता विचारण्याआधी पंगतीकडे नजर टाका. ज्याला त्या घरातून रोज जायचे-यायचे आहे, तो कदाचित कोपऱ्यात मुकाट्याने चकली खात बसला असेल. आधी त्याला विचारा.